विलायत किती लांब?

मावशी लेकीकडे हॅरोला निघाली होती. तिकिटाचा कागद पुढ्यात घेऊन तिने हिशेब मांडला. मुंबईहून सुटणार दुपारी दीडला, लंडनला पोचणार संध्याकाळी सातला, म्हणजे साडेपाच तास. "अगं, ठाण्याहून कोल्हापूरला जायला याहून जास्त लागतात." उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हे समजावून सांगितल्यावर उत्तर दहा तासांवर आलं. मग तिने परतीचं तिकीट उलगडलं. त्यावर हिशेब नऊ तासांचाच निघत होता. "येताना तास कमी कसा? रस्ता तोच ना?"

वाऱ्याचं कारण सांगून मी वेळ मारून नेली. पण 'रस्ता तोच ना' हा प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं खरं उत्तर 'नाही' असं आहे. मुंबई–लंडन रस्ता गेल्या दोनशे वर्षांत फार काळ एक राहिलेलाच नाही, आणि तो का बदलत गेला हे पाहताना अंतराबद्दलच्या आपल्या साध्या समजुतीही बदलत जातात.

पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो सुमारे ७,२०० किलोमीटरचा भरतो. यापेक्षा जवळची वाट पृथ्वीच्या पाठीवर नाही. दोरा जातो कुठून ते बघण्यासारखं आहे. मुंबईहून वायव्येला निघून तो जामनगरजवळून कराचीवर येतो, अगदी शहराच्या डोक्यावर. पुढे बलुचिस्तान, इराणचा सीस्तान, मग कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक. आर्मेनिया आणि जॉर्जियाच्या सीमेपाशी निम्मी वाट संपते. नंतर काळा समुद्र, क्रिमियाचं पूर्व टोक, युक्रेन, चेक देश, जर्मनी, बेल्जियम आणि लंडन. भूमितीने आखून दिलेली ही सर्वांत सरळ रेषा. प्रवासी विमानं ती सहसा तंतोतंत उडत नाहीत, आणि आज तर भारतीय विमानाला कराचीच्या अलीकडूनच वळावं लागतं.

मराठी माणसाला या अंतराचा पहिला अनुभव आला तो गलबतावर. राघोबादादांनी इंग्लंडच्या राजाकडे दाद मागायला हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि त्याच्याबरोबर मणियार नावाचा पारशी गृहस्थ पाठवला. १७८१ मध्ये हे लोक लंडनला होते. एडमंड बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि सोवळ्याओवळ्याची अडचण होऊ नये म्हणून बागेतलं काचघर त्यांच्या हवाली केलं. परतल्यावर हणमंतरावांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्या काळी आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या गलबताला पाच-सहा महिने लागत. पाच-सहा महिने म्हणजे वकील पोचेपर्यंत इकडचं राजकारण दोनदा फिरलेलं असायचं. तेव्हाचं अंतर मैलांत सांगण्यात कुणाला रस नव्हता. ते ऋतूंत सांगितलं जायचं: अमुक वाऱ्यावर निघा, तमुक वाऱ्यावर परत या.

ऋतूच्या हातून ही वाट पहिल्यांदा सोडवली ती मुंबईच्या गोदीने. वाडिया घराण्याने बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही छोटी आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. वाऱ्याच्या तोंडावर चालू शकणारी बोट, पण तिची मेख कोळशात होती. एडन गाठायला लागेल तेवढा कोळसा तिच्या कोठारात मावेना, म्हणून माणसांच्या खोल्यांतही कोळसा रचला. सुएझला पोचायला महिनाभर लागला. तिथून वाळवंट ओलांडून अलेक्झांड्रिया आणि पुढे भूमध्य समुद्र. आफ्रिकेचा वळसा वाचला. पण आता कोळसा ठेवायला मध्ये कुठेतरी आपली जागा हवी होती. जानेवारी १८३९ मध्ये मुंबई सरकारच्या फौजेने एडन घेतलं ते मुख्यतः याच गरजेतून. पुढे नव्वदेक वर्षं एडन मुंबई इलाख्याचा भाग होतं. म्हणजे लंडन जवळ यावं म्हणून मुंबईने वाटेतलं एक बंदरच खिशात घातलं. ही खोड पुढे विमानांनाही लागली.

त्याच सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षं तिथेच अडकून पडले. आगबोटींनी वाट कितीही कमी केली तरी कंपनीच्या संचालकांच्या दारातली वाट कमी होत नव्हती. प्रवासाच्या वेळेत हा वेळ कुणी धरत नाही.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. आफ्रिकेभोवतीचा सुमारे वीस हजार किलोमीटरचा समुद्रमार्ग साडेअकरा हजारांच्या आसपास आला. पुढच्याच वर्षी समुद्राखालची तार मुंबईला जोडली गेली आणि एक विचित्र फारकत झाली. निरोप लंडनहून त्याच दिवशी येऊ लागला, माणूस मात्र तीन आठवड्यांनीच. त्याआधी बातमी आणि बातमी आणणारा एकाच बोटीतून उतरत. हे तीन आठवडे मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने पाठ आहेत. सावरकरांना घेऊन 'मोरिया' बोट १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून सुटली, ८ जुलैला मार्सेलिसला त्यांनी उडी घेतली आणि २२ जुलैला ते मुंबईत आणले गेले. ती उडी मार्सेलिसलाच का, याचं एक उत्तर विलायती टपालाच्या मार्गात आहे. घाई असलेले प्रवासी आणि टपाल फ्रान्स किंवा इटली आगगाडीने पार करून दक्षिणेकडच्या बंदरावर बोट गाठत आणि आठवडाभर वाचवत. मार्सेलिस आणि ब्रिंडिसी ही त्या वाटेवरची ठाणी होती. इकडे बॅलार्ड पिअरला बोट लागली की धक्क्याशेजारच्या स्टेशनातून टपालगाडी थेट उत्तरेकडे सुटायची.

बोटीच्या काळात हिंदुस्थानचं दार कुठलं, याबद्दल वादच नव्हता. ते मुंबई होतं. पण विमान आलं आणि दार सरकलं. मघाचा दोरा आठवा. तो कराचीवरून जातो. विमानाला बंदर नको होतं, सर्वांत पश्चिमेचा सपाट कोरडा तुकडा हवा होता, आणि कराचीत तो होता. १३ डिसेंबर १९१८ रोजी इंग्लंडहून निघालेलं हँडली पेज जातीचं अवजड बाँबफेकी विमान पडतधडपडत १५ जानेवारी १९१९ ला पोचलं ते कराचीला. तेहतीस दिवस लागले. बोट याहून लवकर आली असती.

नियमित विमानसेवा सुरू झाली ३० मार्च १९२९ ला. इम्पीरियल एअरवेजची ही लंडन–कराची सेवा म्हणजे विमानप्रवास म्हणायलाही धाडसच लागेल. क्रॉयडनहून विमानाने बाझल. तिथून आगगाडीने जिनोआ, कारण समोर आल्प्स होता आणि इटलीशी हवाई हक्कांचं जुळत नव्हतं. जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया. पुन्हा आगगाडीने कैरो. तिथून तीन इंजिनांच्या हर्क्युलिस विमानाने गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशहर, लिंगे, जास्क, ग्वादर करत कराची. सुमारे पाच हजार मैल, सात दिवस, भाडं १३० पौंड. रात्री विमान उडत नसे. प्रवासी उतरून जेवत, झोपत आणि पहाटे पुन्हा चढत. इराकच्या वाळवंटात रुतबा इथे विहिरीशेजारी एक किल्लेवजा तळ होता. बाहेर टोळ्या, आत जेवणाची टेबलं. वाळवंटात वाट चुकू नये म्हणून त्याआधी काही वर्षं ब्रिटिश हवाई दलाने चक्क नांगर फिरवून शेकडो मैलांचं तास ओढलं होतं. वैमानिक वरून ते तास बघत बगदाद गाठायचे. शेतकऱ्याच्या अवजाराने आखलेला आकाशमार्ग! मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत आवडती गोष्ट वाटते.

पण या सेवेची खरी कहाणी इराणी किनाऱ्यावर आहे. कैरो–बसरा टप्पा १९२७ च्या जानेवारीतच सुरू झाला होता. विमानं तयार, वैमानिक तयार, पुढचा किनारा स्वच्छ आणि सरळ. तरी सेवा दोन वर्षं बसऱ्याला अडून राहिली, कारण इराणने आपल्या आकाशातून जाऊ द्यायला नकार दिला. १९२९ मध्ये मिळालेली परवानगीही मुदतीची होती. ती संपली तेव्हा १९३२ च्या ऑक्टोबरात सगळा मार्ग उचलून आखाताच्या पलीकडच्या अरब किनाऱ्यावर न्यावा लागला. तिथे शारजाच्या शेखांशी करार झाला, विमानतळ झाला आणि प्रवाशांना रात्री राहायला गढीसारखी इमारत बांधली. त्या धावपट्टीचा आज शारजा शहरातला रस्ता झाला आहे आणि गढीचं संग्रहालय. आपल्याला शारजा म्हटलं की १९९८ चा सचिन आठवतो. पण त्या गावाचं नाव जगाच्या वेळापत्रकात प्रथम आलं ते लंडन–कराची विमानाचं मुक्कामाचं ठिकाण म्हणून, आणि तेही इराणने दार लावल्यामुळे.

कोळशाची जागा परवानगीने घेतली, एवढाच काय तो फरक. गलबताला वारा अडवायचा, आगबोटीला कोळसा, विमानाला कागद.

कराचीला आलेलं टपाल पुढे मुंबईला आगगाडीने यायचं. सात दिवसांत पाच हजार मैल आल्यावर शेवटच्या साडेपाचशे मैलांसाठी दीड-दोन दिवस वाया जात. ही फट ज्याने बुजवली त्या तरुणाला या वाटेची चव आधीच लागली होती. लंडन आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. १९३० मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनीअर हा सतरा वर्षांचा पोरगा लंडनहून. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अस्पीच्या विमानाचे स्पार्क प्लग गेले होते आणि तो अडकून बसला होता. टाटांनी आपल्याजवळचे काढून दिले. अस्पी थोड्या तासांनी जिंकला आणि पुढे भारताचा हवाई दल प्रमुख झाला. हे औदार्य सगळेच सांगतात. मला त्यात वेगळं दिसतं. या मार्गावर किती थोडी माणसं होती आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं विमान कुठे आहे हे कसं माहीत असायचं!

१५ ऑक्टोबर १९३२. म्हणजे इम्पीरियल एअरवेजचा शारजा मुक्काम सुरू होत होता त्याच महिन्यात टाटांनी कराचीच्या द्रिघ रोडहून पुस मॉथ विमान उडवलं. एक इंजिन, आत टपालाच्या थैल्या. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत ते जुहूच्या चिखलाच्या मैदानावर उतरले. पुढे त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. जुहूचं मैदान पावसाळ्यात भरतीच्या पाण्याखाली जायचं. म्हणून दर वर्षी जून आला की दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सगळा संसार पुण्याला हलायचा, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर. म्हणजे पावसाळ्यात लंडनचं विमानटपाल मुंबईऐवजी पुण्याच्या भूमीवर उतरत होतं. पुणेकरांनी याचा पुरेसा अभिमान कसा बाळगला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

दार सरकून पुन्हा मुंबईला आलं ते फाळणीने. कराची परक्या देशात गेली. दोरा तसाच होता, पण आता त्याच्या पहिल्याच गाठीवर पासपोर्ट लागत होता. ८ मार्च १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली, त्यात सरकारचा वाटा ४९ टक्के. तीनच महिन्यांनी, मंगळवार ८ जून १९४८ च्या रात्री 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझहून लंडनला निघालं. जाहिरातीतला महाराजा दर मंगळवारी आपल्याबरोबर चला म्हणत होता, भाडं १,७२० रुपये. आत ३५ प्रवासी, त्यात काही संस्थानिक आणि स्वतः टाटा पतिपत्नी. कप्तान के. आर. गझदर.

वाट बघा: मुंबईहून अरबी समुद्र आणि अरबस्तान ओलांडून थेट कैरो, मग जिनिव्हा, मग लंडन. ती आठ हजार किलोमीटरच्या जवळ भरते. दोऱ्याच्या दक्षिणेकडून गेलेला हा वळसा. कराचीही टाळली आणि इराणही. तरी सात दिवसांचा प्रवास एका दिवसावर आला. कॅबिनमध्ये हवेचा दाब राखलेला असल्याने विमान ढगांच्या वरून जाऊ शकत होतं आणि रात्रीही चालत होतं. १९२९ च्या सात दिवसांतला मोठा हिस्सा खरं तर रात्रींचा होता. वेग वाढला त्यापेक्षा मुक्काम गेले, हे जास्त महत्त्वाचं.

गंमत अशी की ज्या शहरातून हे विमान उडालं त्या शहराचं स्वतःच्या वेळेवरही एकमत नव्हतं. सरकारने १९०६ पासून स्टँडर्ड टाइम लावला. मुंबईने तो परक्यांचा कारभार म्हणून नाकारला आणि महापालिकेची घड्याळं स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे चालत राहिली, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. हिवाळ्यात लंडनशी साडेपाच तासांचा फरक की चार तास एक्कावन्न मिनिटांचा, हे तुम्ही कुठल्या घड्याळाखाली उभे आहात त्यावर होतं. माझ्या मावशीचा गोंधळ तसा जुनाच म्हणायचा.

कैरो–जिनिव्हा–लंडन या वाटेने एक गोष्ट मात्र पदरात घेतली होती. जिनिव्हाला उतरायचं म्हणजे आल्प्सच्या कुशीत शिरायचं. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हीच 'मलबार प्रिन्सेस' जिनिव्हाकडे येताना माँ ब्लाँ शिखरावर आदळली. ४८ माणसं गेली. आणि २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाला उतरत असताना त्याच डोंगरावर, जवळजवळ त्याच जागी कोसळलं. ११७ माणसं, त्यात डॉ. होमी भाभा. भाभांच्या मृत्यूभोवती कटाच्या कथा आजही फिरतात. चौकशीतून पुढे आलेली गोष्ट साधी आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करणारी आहे. विमानाचं दिशा दाखवणारं एक यंत्र बंद होतं. आपण माँ ब्लाँ ओलांडला असं कप्तानांना वाटलं आणि त्यांनी खाली उतरायची परवानगी मागितली. जमिनीवरच्या रडारवाल्याने डोंगर अजून पाच मैल पुढे आहे असं कळवलं. पण ते ज्या शब्दांत कळवलं गेलं त्यातून ऐकणाऱ्याला ते स्पष्ट झालं नाही. हजारो मैल आल्यानंतर पाच मैलांचा हिशेब चुकला.

ते विमान आजही पोचतंच आहे. बोसाँ हिमनदी ते हळूहळू खाली आणते आणि वितळेल तसं परत करते. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली बर्फातून वर आली, सुटल्यापासून शेहेचाळीस वर्षांनी. २०२० मध्ये १९६६ च्या जानेवारीतली भारतीय वर्तमानपत्रं सापडली, पहिल्या पानावर इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातम्या. त्याआधी पाचू, माणकं, नीलम असलेली एक पेटी एका गिर्यारोहकाला मिळाली होती. सुएझच्या वाटेनेही तीन आठवड्यांत येणारं टपाल या वाटेने अर्ध्या शतकात पोचलं.

जेटने काय केलं ते थोडक्यात सांगता येतं. एप्रिल १९६० मध्ये बोइंग ७०७ लंडनला जाऊ लागलं आणि वेग जवळपास दुप्पट झाला. मे १९७१ मध्ये 'एम्परर अशोक' हे पहिलं जंबो या मार्गावर आलं. तासाला साधारण नऊशे किलोमीटर हा वेग तेव्हाच ठरला आणि आजही तोच आहे. पंचावन्न वर्षांत विमानं हलकी झाली, इंधन कमी पिऊ लागली, मध्ये न थांबता जाऊ लागली. वेगात मात्र तसूभर फरक नाही. स्वनातीत कॉन्कॉर्ड आलं तेव्हा ते लंडनहून बाहरीनमार्गे सिंगापूरला जायचं. भारताने आपल्या जमिनीवरून आवाजाच्या वेगापलीकडे उडू द्यायला नकार दिला, म्हणून ते समुद्रावरून वळसा घालून जाई. आकाशाची दारं लावणारे नेहमी दुसरेच असतात असं नाही.

वेग थांबला म्हणजे वेळ थांबायला हवी. ७,२०० भागिले ९०० बरोबर आठ. तिकिटावर दहा का? यातलं काही वाऱ्याचं देणं आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार झोत असतो, हिवाळ्यात अधिक. लंडनला जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. मावशीचा तास तिथे गेला. काही वेळ मुंबईच्या गर्दीच्या धावपट्टीवर रांगेत जातो. काही हीथ्रोच्या आकाशात, जिथे पूर्वेकडून आलेली विमानं लॅम्बोर्न किंवा बिगिन हिलवर एकावर एक घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट बघतात. तिकिटावरची वेळ विमान दारापासून हललं तेव्हापासून दुसऱ्या दाराला लागेपर्यंत मोजतात, आणि कंपन्या त्यात थोडी मोकळी जागा ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर आलो म्हणता येतं.

उरलेली वेळ खाते ती वाट. मघाच्या दोऱ्यावर एकेक गाठ पडत गेली. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि त्याच जुलैत पूर्व युक्रेनवर मलेशियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, २९८ जीव गेले. फेब्रुवारी २०२२ पासून सगळ्या युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने दार लावलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला त्याने पुन्हा लावलं, या वेळी फक्त भारतीय विमानांना, आणि भारतानेही काही दिवसांत तसंच उत्तर दिलं. तेव्हापासून एक अजब गोष्ट झाली. मुंबईहून लंडनला एकाच रात्री सुटणाऱ्या दोन विमानांमध्ये, शेपटीवर कुठला झेंडा आहे त्यावरून, अंतर वेगळं असू शकतं. ब्रिटिश विमानाला कराची खुली, भारतीयाला बंद. मुंबईचं नशीब चांगलं की दाराशी अरबी समुद्र आहे. थोडं पश्चिमेला झुकून ओमानकडे वळलं की झालं. खरी ओढाताण दिल्लीच्या विमानांची. त्यांना आधी दक्षिणेला गुजरातकडे यावं लागतं, मग समुद्र, मग पश्चिम. युरोपला निघालेलं दिल्लीचं विमान नकाशावर सुरुवातीला उलट्या दिशेने जाताना दिसतं.

जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणची लढाई पेटली तेव्हा इराण, इराक आणि जॉर्डनची आकाशं काही दिवस एकदम मिटली. आखाताकडून युरोपला जाणारी बरीच विमानं तेव्हा सौदी अरेबियावरून इजिप्तकडे सरकली. हा रस्ता कुठे पाहिलाय म्हणून मी जुना नकाशा काढला. अरबी समुद्र, अरबस्तान, कैरो. ती 'मलबार प्रिन्सेस'ची वाट होती, फक्त कैरोला उतरून पाय मोकळे करायची सोय गेली होती.

विमान कंपन्यांत डिस्पॅच नावाचं खातं असतं. विमान सुटण्याआधी काही तास तिथली माणसं त्या दिवशीची वाट आखतात. वेगवेगळ्या देशांनी काढलेल्या सूचना वाचायच्या: कुठलं आकाश बंद, कुठे तोफांचा सराव, कुठे उपग्रहाचा इशारा बिघडवला जातोय. वाऱ्याचे अंदाज बघायचे. कुठल्या देशावरून गेलं तर किती शुल्क पडेल ते धरायचं. मग तीन-चार वाटा मांडून त्यातली एक निवडायची, तिच्यावरून इंधन काढायचं आणि कप्तानाच्या सहीला कागद द्यायचा. मावशी दुपारी दीडच्या विमानासाठी सकाळी घरून निघाली तेव्हा तिची वाट बहुधा अजून ठरतच होती.